पोटातल्या बाळाला आईची काळजी कळते का?



या अंकासाठी आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या आजी अश्दोदच्या. नातसून पाच महिन्यांची गरोदर, नातू मिलुईमवर. अजाका वाजली की ती पोर पोटाला हात लावून ममादकडे धावते आणि पुढे तासभर तिचे हातपाय कापत राहतात. आजी विचारतात, "आमच्या वेळी म्हातारी माणसं म्हणायची, गरोदर बाईनं भिऊ नये, रडू नये, नाहीतर पोर रडकं निपजतं. हे खरं का? आणि खरं असेल तर तिनं करायचं काय? भीती काय दिव्यासारखी बटण दाबून बंद होते?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. आपल्यातल्या बहुतेक घरांत तो कधी ना कधी निघतोच. म्हणून या वेळी औषधे, गुडघे आणि रक्तदाब बाजूला ठेवून आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. बालवाचकांनीही वाचावे. शेवटी तुमच्यासाठी एक कामगिरी आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. आजींच्या म्हाताऱ्या माणसांचे अर्धे खरे होते. आईचा ताण बाळापर्यंत पोहोचतो, हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. पण एका भीतीने, एका रडण्याने पोर बिघडते, हे मात्र खरे नाही. आणि ताण आला यात आईचा काही गुन्हा नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

अंगात नेमके होते काय?

माणूस घाबरला की मेंदू ताबडतोब शरीराला हुकूम सोडतो. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. त्या लागलीच दोन रसायने रक्तात सोडतात. पहिले अ‍ॅड्रेनलिन. त्याने छाती धडधडते, हात गार पडतात, रक्त पायांकडे धावते, म्हणजे आपल्याला पळता यावे. दुसरे कॉर्टिसोल. ते जरा सावकाश येते, पण जास्त वेळ टिकते आणि अंगातली साखर कामाला लावते. धोका टळला की दोन्ही हळूहळू उतरतात. देवाने ही सोय आपला जीव वाचवण्यासाठीच केली आहे.

आता पोटातल्या बाळाकडे या. आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते. आपल्या सुईणी ती जपून पुरायच्या, ते उगाच नव्हे. ही वार म्हणजे बाळाच्या दारावरचा राखणदार. आईच्या रक्तातून आलेले बरेचसे कॉर्टिसोल ती दारातच मोडून निरुपद्रवी करून टाकते. थोडेसेच आत जाते. म्हणून आई दोन मिनिटे दचकली, तर बाळाच्या हृदयाचे ठोके थोडे बदलतील, ते जरासे हलेल आणि पुन्हा आपले झोपी जाईल.

गडबड होते ती ताण महिनोन्‌महिने चालू राहिला तर. मग राखणदारही थकतो आणि दारावरची राखण ढिली पडते. आणखी एक गंमत पाहा. वार स्वतःही एक रसायन बनवते आणि बाळंतपणाची वेळ ठरण्यात त्याचा हात असतो. आईच्या अंगात कॉर्टिसोल वाढले की वारेतले हे रसायनही वाढते. त्यामुळे सततच्या ताणात कळा वेळेआधी सुरू होण्याचा संभव वाढतो. शिवाय ताणाखालची बाई नीट जेवत नाही, नीट झोपत नाही, कधी सिगारेट ओढते, तपासणीला जायचे टाळते. त्याचाही वाटा यात मोठाच असतो.

पण कॉर्टिसोल म्हणजे विष, असे कोणी समजू नये. गरोदरपणाच्या शेवटी ते प्रत्येक बाईच्या अंगात आपोआपच वाढते. बाळाची फुप्फुसे श्वास घेण्यासाठी तयार व्हायला ते लागतेच. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की बाळंतपण फार लवकर होणार असे दिसले तर आईला याच जातीच्या औषधाचे इंजेक्शन द्यावे, म्हणजे बाळाचा श्वास सुधारतो. आज जगभर ते देतात. मीठ जेवणात लागते, पण मूठभर पडले तर पातेले वाया जाते. तसेच हे.

आपल्या देशातला अनुभव

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी संशोधकांना फार दूर जावे लागले नाही. दुर्दैवाने आपला देशच त्यासाठी पुरेसा आहे.

स्देरोतवर २००१ पासून रॉकेटे पडू लागली. अजाका वाजल्यापासून आडोसा गाठायला तिथे अवघे १५ सेकंद. आजोबांना खुर्चीतून उठायलाच तेवढे लागतात! त्या काळात किर्यात गात मात्र रॉकेटांच्या टप्प्याबाहेर होते. दोन्ही गावे दक्षिणेतली, दोन्हीकडे कामकरी लोक, बाहेरून येऊन वसलेले. तेव्हा संशोधकांनी दोन्ही गावांतल्या बाळंतपणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. बेर शेवाच्या बेन गुरियन विद्यापीठातील तामार वाइनश्तोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. किर्यात गातमध्ये १०० पैकी सुमारे ७ बाळे वेळेआधी जन्मली, स्देरोतमध्ये सुमारे ९. कमी वजनाची बाळेही स्देरोतमध्ये जास्त होती.

हे आकडे घाईने वाचू नका. फरक खरा आहे आणि दुःखद आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की वर्षानुवर्षे रॉकेटांखाली राहूनही स्देरोतच्या १०० पैकी सुमारे ९१ आयांची बाळे पुरे दिवस भरूनच जन्मली. बाईचे शरीर आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी चिवट आहे.

दुसरी नोंद येरुशलायमची. तिथे १९६४ ते १९७६ या काळात जन्मलेल्या जवळजवळ ९० हजार मुलांची माहिती जपून ठेवलेली आहे. जून १९६७ चे सहा दिवसांचे युद्ध झाले तेव्हा ज्या आयांना दुसरा महिना होता, त्यांच्या मुलांत मोठेपणी मनाचा एक गंभीर आजार इतरांपेक्षा जास्त आढळला, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. असा आजार मुळात शंभरात जेमतेम एखाद्याला होतो. त्यामुळे प्रमाण वाढले तरी बहुतेक सगळी मुले धडधाकटच राहिली. पण वैद्यांना यातून एक धडा मिळाला. ताण किती, यासोबत तो कोणत्या महिन्यात आला हेही पाहावे लागते.

आमच्या पिढीला १९९१ चा जानेवारी आठवत असेल. सद्दामची स्कड क्षेपणास्त्रे, चिकटपट्ट्या लावून बंद केलेली खोली, तोंडाला मुखवटा, आणि तान्ह्या बाळांसाठी प्लास्टिकच्या तंबूसारखी ती पेटी. त्या मुखवट्यात गुदमरत किती बाया दिवस मोजत होत्या! त्यांच्या पोटातली मुले आज पस्तिशीला आली. लग्ने झाली, कामधंद्याला लागली, काहींची मुले शाळेत जातात. कोणी घाबरवू लागले तर त्यांच्याकडे बोट दाखवा.

ऑक्टोबर २०२३ नंतर दक्षिणेतल्या आणि उत्तरेतल्या हजारो कुटुंबांना घरदार सोडून हॉटेलांच्या खोल्यांत राहावे लागले. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे आली. १९ तारखेला त्यातले एक बेर शेवाच्या सोरोका रुग्णालयावरच आदळले. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुले-नातवंडे त्याच सोरोकात जन्मलेली. त्या दिवसांत अनेक रुग्णालयांनी बाळंतिणी आणि नवजात बाळे जमिनीखालच्या मजल्यांवर हलवली होती. आणि हेही लिहिलेच पाहिजे की सरहद्दीच्या पलीकडच्या आयांचे शरीरही याच नियमाने चालते. वारेला पासपोर्ट नसतो.

इतर ठिकाणी काय दिसले?

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बर्फाचे भयंकर वादळ झाले. विजेचे खांब बर्फाच्या ओझ्याने मोडले. ३० लाखांहून जास्त माणसे अंधारात, काही घरे तर महिन्याहून अधिक काळ. सुझान किंग नावाच्या संशोधिकेने त्या वेळी गरोदर असलेल्या बाया शोधून काढल्या आणि त्यांच्या मुलांची प्रगती वर्षानुवर्षे पाहिली. ज्या आयांचे हाल जास्त झाले, त्यांची मुले दोन वर्षांची असताना बोलण्यात आणि समजण्यात थोडी मागे होती.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे दोन उंच मनोरे पडले. तेव्हा तिथे किंवा जवळपास असलेल्या ३८ गरोदर बायांचा अभ्यास राखेल येहुदा यांनी केला. ज्या आयांच्या मनात ती घटना घर करून बसली, झोपेतही पाठ सोडीना, त्यांच्या तान्ह्या मुलांच्या लाळेत कॉर्टिसोलचे प्रमाण वेगळे, म्हणजे कमी आढळले. शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्यांच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट होते. म्हणजे बाळाच्या अंगातले ताणाचे यंत्रच जरा निराळे जुळवले गेले होते.

आता जरा बरी बातमी. अमेरिकेतल्या जॅनेट डिपिएत्रो यांनी साध्यासुध्या, सुखवस्तू घरांतल्या गरोदर बायांना पाहिले. त्यांना घरातली धावपळ, कामाची दगदग, बाळाची काळजी असा मध्यम ताण होता. २००६ साली त्यांनी लिहिले की अशा आयांची मुले दोन वर्षांची झाली तेव्हा मागे तर नव्हतीच, उलट थोडी पुढेच होती! तेव्हा रोजच्या कटकटींनी बाळाचे नुकसान होते, ही भीती सोडून द्यावी.

ताण फक्त रॉकेटांचा नसतो

हे मुद्दाम लिहितो आहोत. आपल्या आज्या जहाजातून आणि विमानातून या देशात आल्या, तेव्हा पत्र्याच्या झोपड्यांत, दिमोना-येरुहामच्या वाळूत त्यांची बाळंतपणे झाली. भाषा येत नव्हती, डॉक्टर काय म्हणतो ते कळत नव्हते, आई समुद्रापार. तोही ताणच होता, पण त्याची अजाका कोठे वाजली नाही.

गोव्यात डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या मनाचा अभ्यास केला. २००२-२००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळजवळ चौघींपैकी एक बाळंतीण उदासीने ग्रासलेली होती. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याची मारझोड, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून घरच्यांची वाकडी तोंडे. त्या उदास आयांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात मागे पडलेली अधिक होती. लढाई नाही, बॉम्ब नाही, घरातल्या माणसांनीच दिलेला हा ताण.

पुण्याजवळच्या खेड्यांतही एक मोठा अभ्यास झाला आहे. तिथे असे आढळले की गरोदरपणात शेतावर, विहिरीवर जास्त राबणाऱ्या बायांची बाळे वजनाने आणि डोक्याच्या घेराने लहान निघाली. अलिबाग-रेवदंड्याकडच्या आपल्या पणज्यांनी डोक्यावर हंडे वाहिले, त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. सांगून तरी काय, पाणी कोणी आणले असते?

बाळ जन्मल्यावर काय पाहावे?

३७ आठवड्यांच्या आधी जन्मले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे, आणि अडीच किलोच्या खाली असले तर कमी वजनाचे म्हणतात. अशा बाळांकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात. पुरे दिवस भरलेल्या पण आईने खूप ताण सोसलेल्या काही बाळांत इतर गोष्टी दिसतात. आवाज झाला की फार दचकणे, लवकर शांत न होणे, झोप तुटक असणे, अंगावर पिताना अस्वस्थ होणे.

पण वाचकहो, रडणारे प्रत्येक बाळ ताणाचे नव्हे. साधारण दीड महिन्यापर्यंत सगळ्याच बाळांचे रडणे वाढत जाते आणि मग उतरते. तेव्हा बाळ रडले की सुनेकडे पाहून, "तू तेव्हा रडत बसलीस ना, बघ आता!" असे म्हणणाऱ्या माणसाने आधी आपल्या जिभेला आवर घालावा. हे एक वाक्य बाळंतिणीला शंभर अजाकांपेक्षा जड जाते. बाळ फार सुस्त असेल, पीत नसेल, ताप असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

स्पर्शाचे औषध

आता उपायाकडे वळू. गरोदरपणात जे झाले ते दगडावरची रेघ नव्हे, हे शास्त्राने अनेक वाटांनी दाखवले आहे.

माँट्रियलच्या मायकल मीनी यांनी उंदरांच्या आयांवर नजर ठेवली. काही आया पिल्लांना सारख्या चाटत, कुरवाळत. काही फारशा चाटत नसत. जास्त चाटलेली पिल्ले मोठेपणी शांत आणि धीट निघाली. मग त्यांनी कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जन्मताच जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली. तीही शांत निघाली! म्हणजे प्रेमळ मावशीसुद्धा चालते.

माणसांचे उदाहरण हवे तर कोलंबियातल्या बोगोता शहरात जाऊ. १९७८ साली तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. रेय सानाब्रिया आणि मार्तिनेस या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीवर, कपड्याच्या आत बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पिशवीत ठेवते ना, तसे. भारतासह पाच देशांत याची मोठी परीक्षा झाली आणि २०२१ साली निकाल लागला. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवले तर मृत्यूंचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने घटते. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आपल्या देशात रूत फेल्डमन यांनी अशी अपुऱ्या दिवसांची बाळे घेतली. रोज एक तास, फक्त चौदा दिवस, आईच्या छातीशी. ती मुले दहा वर्षांची झाली तेव्हाही त्यांची झोप चांगली होती आणि ताण आला तर ती लवकर सावरत. चौदा तासांची पुण्याई दहा वर्षे पुरली.

आणि तेल! आपण तर शनवार तेली. तेलाशी आपले नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ साली दाखवले की हलक्या हाताने चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन, न चोळलेल्यांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढले. मुंबईच्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल तेलाची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी खोबरेलाने चांगले बाळसे धरले. कोकणातल्या सुईणीला हे आधीच ठाऊक होते! मात्र हात हलका ठेवा, पाय पिरगाळू नका, नाका-कानांत तेल घालू नका आणि शेगडीची धुरी बाळाच्या जवळ आणू नका. धुराने कोवळी छाती बिघडते. जुन्यातले सोने घ्यावे, गाळ टाकून द्यावा.

घरच्यांनी काय करावे?

"टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. कोणी सांगितले म्हणून टेन्शन जात नाही. उलट आता टेन्शन आल्याचेही टेन्शन येते. त्याऐवजी, "काय करू तुझ्यासाठी?" एवढे विचारा.

आपल्या पूर्वजांनी पहिले बाळंतपण माहेरी ठेवले, डोहाळे पुरवले, बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू दिला नाही. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांत ताकद आहेच, पण खरी ताकद ते करून आणणाऱ्या माणसात असते. ताणाखालच्या बाईला एकटे पडू न देणे, हेच यातले औषध. आज माहेर मुंबई-ठाण्याला किंवा हैफाला असेल. मग शेजारच्या मावशीने माहेर व्हावे. आठवड्यातून दोनदा जेवणाचा डबा, मोठ्या मुलाला गानमधून आणणे, तपासणीला सोबत जाणे. ही कामे सत्तरीच्या आजीलाही जमतात आणि आजोबांनाही.

अजाका वाजते त्या घरांसाठी थोडे. ममादमध्ये पाण्याची बाटली, बसायला खुर्ची, सुके खाणे, तपासणीचे कागद आणि पायांत घालायच्या चपला आधीच ठेवा. गरोदर बाईने धावताना पडू नये, हे रॉकेटाइतकेच महत्त्वाचे. आत गेल्यावर सावकाश श्वास घ्यावा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे दहा वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके उतरतात. टीव्हीवर तेच तेच चित्र दिवसभर पाहू नये. सकाळ-संध्याकाळ बातम्या ऐकल्या की पुरे.

तिपत हालावमध्ये गरोदर बायांना आणि बाळंतिणींना दहा प्रश्नांचा एक कागद देतात. झोप लागते का, हसू येते का, उगाच स्वतःला दोष देता का, असले प्रश्न असतात. तो खरा खरा भरावा. "सगळं बेसेदेर" असे खोटे लिहून काही मिळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खचलेले असेल, भूक-झोप उडाली असेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, तर ती आळशी नाही आणि वाईट आईही नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. बोलण्याने बरे वाटते, गरज पडली तर गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी औषधेही आहेत. डॉक्टरांना न विचारता चालू गोळ्या बंद करू नयेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर एरानचा १२०१ हा नंबर आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार येऊ लागले, तर मात्र तिला एकटे न ठेवता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. पोट दुखणे, पाणी जाणे, रक्त दिसणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काही झाले तरी तात्काळ रुग्णालय गाठावे. "उद्या बघू" नको.

तोरामध्ये आपण वाचतो की रिवकाच्या पोटात जुळी झुंजू लागली तेव्हा ती घाबरली. पण ती गप्प बसली नाही, उठून विचारायला गेली. आपल्या सुनांना, नातींना हीच मुभा हवी. घाबरावे, आणि विचारावे.

बालवाचकांसाठी

मुलांनो, अभिमन्यूची गोष्ट आजीने तुम्हाला सांगितली असेल. आईच्या पोटात असतानाच तो चक्रव्यूहात शिरायची युक्ती ऐकून शिकला. पुढे आई झोपली आणि बाहेर यायची युक्ती राहून गेली! ती झाली गोष्ट. पण पोटातले बाळ खरोखर ऐकते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्याला आवाज कळतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते. १९८६ साली अमेरिकेत काही आयांनी शेवटचे दीड महिने पोटातल्या बाळाला रोज एकच गोष्ट वाचून दाखवली. जन्मल्यावर त्या बाळांना चोखणी देऊन दोन गोष्टी ऐकवल्या. ओळखीची गोष्ट लागावी म्हणून बाळे चोखण्याचा वेग बदलू लागली!

तर तुमची कामगिरी अशी. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाच्या पोटात बाळ असेल, तर आजीकडून एक मराठी अंगाईगीत शिकून घ्या. रोज संध्याकाळी त्या ताईजवळ बसून ते म्हणा. सूर चुकला तरी चालेल. बाळ टाळ्या वाजवणार नाही, पण ऐकेल. ताईला हसू येईल आणि तिच्या छातीची धडधड जरा कमी होईल. ताईला पाणी आणून द्या, तिची पिशवी उचला. ममादमध्ये तिच्यासाठी जागा ठेवा. ही कामे डॉक्टरसुद्धा करू शकत नाहीत, तुम्ही करू शकता.

आणि गरोदर बाई दिसली की या देशातले लोक आधीच मझल तोव म्हणत नाहीत, "बेशाआ तोवा" म्हणतात, म्हणजे चांगल्या घटकेला होवो. आपल्या आज्या म्हणत, "सुखरूप सुटका होवो." भाषा दोन, मागणे एकच. ज्यांच्या ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे, त्या सर्वांना आम्ही दोन्ही भाषांत तेच म्हणतो.